बारा मालकांचं मंडळ

आमच्या मंडळात बारा सभासद आहेत. त्यांतले अकरा मी आहे आणि बारावाही मीच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने माझ्याविषयी उगाच चांगलं मत करून घ्यायला नको.

मंडळ एका जपानी कंपनीच्या एका लहान मोटारीच्या मालकांचं. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिने माझं कधी काही वाकडं केलेलं नाही, आणि पुढे जे सांगायचं आहे त्यात तिचा काडीचाही दोष नाही. गाडी पाच जणांची आणि आता बंद झालेली. म्हणजे कंपनीने बनवायची बंद केली. माझी चालूच आहे. बावीस वर्षांत ती रस्त्यात एकदाही अडली नाही. लोकांना याचं कौतुक वाटतं. मला विचाराल तर सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

मंडळ निघालं तेव्हा आम्ही खरेखुरे चौदा जण होतो. एक चष्मेवाला, त्याचे व्याही, दातांच्या एक डॉक्टरीणबाई, ग्रंथालयात काम करणारं एक जोडपं, असे. जोडप्याची गाडी एकच, पण सभासद दोन धरायचे का, यावर पहिल्याच सभेत वादावादी झाली. तेवढीच काय ती रंगलेली सभा. त्यानंतर दर तीन महिन्यांनी आम्ही चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत जमायचो. पण जमून करायचं काय? समोरच्या इमारतीत दुसऱ्या एका गाडीच्या मालकांचं मंडळ भरायचं. त्यांच्या गाड्या सदान्‌कदा बिघडलेल्या. आज याचा क्लच गेला, उद्या त्याचा रेडिएटर फुटला. कोण कुणाला सुटा भाग शोधून देतोय, कोण कुणाची गाडी दोर लावून ओढून आणतोय. त्यांचं हसणं-खिदळणं रस्ता ओलांडून आमच्या खोलीत यायचं. त्या मंडळात दोन लग्नंसुद्धा जुळली.

आमच्याकडे अध्यक्ष विचारायचे, "कुणाची काही तक्रार?" सगळे एकमेकांकडे बघायचे. मग डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "माझा उजवा आरसा जरा सैल वाटतोय." आम्ही सगळे मोठ्या आशेने खाली जाऊन आरसा हलवून बघायचो. तो घट्ट असायचा.

न बिघडणाऱ्या गाडीच्या मालकांना एकमेकांची गरज पडत नाही. हे माझं मत आहे आणि ते मी अनुभवाने बनवलेलं आहे. चौदाचे नऊ झाले, नवाचे चार. चष्मेवाला दुकान विकून मुलीकडे राहायला गेला. मी निवृत्त झालो त्या वर्षी सभेला मी एकटाच उरलो. खोली नव्हती म्हणून सभा गाडीतच घेतली. गणसंख्येअभावी ती नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब केली आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवली. अध्यक्षांच्या गैरहजेरीत सचिवाने, म्हणजे मी, आभार मानले.

मी पाणीखात्यात ड्राफ्ट्समन होतो. चौतीस वर्षं जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढले. कुठला नळ किती खोल, कुठल्या गल्लीत वळतो, हे सगळं अजून तोंडपाठ आहे, आणि ते मला कुणी विचारत नाही. अशा माणसाला मंडळाचं त्रैमासिक पत्रक काढायचं काम मिळालं, तर तो ते सोडेल का?

पत्रकात दोन सदरं असायची. पहिलं कंपनीचा इतिहास. तो मी मिळेल तिथून जमवला होता. कंपनी काढणारा म्हातारा मूळचा तराजू बनवणारा. रेशमाचे कोष तोलायचे नाजूक तराजू. युद्धात कारखाना जळाला तेव्हा उरलेल्या पत्र्याचे त्याने डबे केले, डब्यांनंतर तीनचाकी मालगाडी केली, आणि मग कुठे चारचाकी. पहिली चारचाकी परदेशात पाठवली ती चढावर तापायला लागली. कचेरीतली माणसं अहवाल आणत राहिली की सगळं ठीक आहे. शेवटी म्हातारा स्वतः बोटीने गेला आणि एकेका मालकाच्या दारात उभा राहून त्याने बोलणी खाल्ली. तेव्हापासून कंपनीत शिस्त पडली की कागदावर भरवसा ठेवायचा नाही, जागेवर जाऊन बघायचं. ही गोष्ट मी पत्रकात चार वेळा छापली, दर वेळी नवं शीर्षक देऊन. ती कधी माझ्याच दारात येऊन उभी राहील, असं काही मनात आलं नाही.

दुसरं सदर 'मालक म्हणतात'. मालकच उरले नाहीत, तर म्हणणार कोण?

पत्रकाची एक प्रत कंपनीच्या आपल्या इथल्या कचेरीत जायची आणि तिथून उत्तर यायचं. चांगलं दोन पानी, टाईप केलेलं, खाली शाईची सही. मंडळ ओस पडल्यावर मी एक पत्रक त्या सदराशिवाय पाठवलं, तर उत्तर आलं चार ओळींचं. मालकांचे अनुभव वाचायला आवडले असते, त्यांची मूळ पत्रं जोडलीत तर आणखी चांगलं, असं त्यात होतं. मी चार दिवस ते पाकीट टेबलावरून हलवलं नाही. पाचव्या दिवशी बसलो आणि मधमाश्या पाळणाऱ्या एका मालकाचं पत्र लिहिलं. हस्ताक्षर डावीकडे झुकलेलं, शाई निळी. ड्राफ्ट्समनला दहा तऱ्हांची अक्षरं काढणं हातचा मळ. पेट्या डिकीत नीट मावतात, खड्ड्यातून गेलं तरी माश्या चिडत नाहीत, असं मधवाल्याचं म्हणणं होतं.

त्या तिमाहीला उत्तर तीन पानांचं आलं. मधवाल्यांना आमचा नमस्कार सांगा, असंही होतं.

मग मला चटकच लागली. बेकरीवाली बाई आली. निवृत्त मुख्याध्यापक आले. त्यांना हॉर्नचा आवाज वर्गात शोभेल असा वाटायचा. पियानो जुळवणारा आला. त्याच्या मते इंजिनाचा सूर जरासा चढा होता. दोन भाऊ आले, ते एकमेकांशी बोलत नसत आणि तीच गाडी, त्याच रंगाची, दोघांनी आपापली वेगळी घेतली होती. सहा वर्षांत अकरा जण झाले. त्यांच्यासाठी मी सकाळी लवकर उठायचो. मुख्याध्यापकांच्या पाठीला उसण भरली तेव्हा मी खरोखर काळजीत होतो. वाचणाऱ्याला हसू येईल, येऊ दे. पोस्टमन माझ्या दारात एरवी विजेचं बिल तेवढं टाकायचा. माझं नाव वर घालून कुणी आपण होऊन काही लिहावं, असं वर्षातून चारदाच व्हायचं, आणि ते कचेरीतून यायचं. तेही थांबलं, तर मी आहे की नाही हे कुणाच्या लक्षात आलं असतं, मला सांगता येत नाही.

या वर्षी उत्तरासोबत एक जादा कागद आला. कंपनीला पंचाहत्तर वर्षं होत आहेत. मोठं पुस्तक निघणार आहे, अर्ध्यात इतिहास, अर्ध्यात मालकांची मतं. आमचे प्रतिनिधी पुढच्या सोमवारी येतील. बाराही मालकांना भेटतील आणि गाड्या प्रत्यक्ष पाहतील.

आठवडाभर मी माणसं वाटेला लावत होतो. मधवाला फुलोऱ्याच्या मागे डोंगरात गेला. बेकरीवालीला तिच्या लेकीच्या बाळंतपणाला धाडलं. पियानोवाल्याला दूर कुठेतरी मोठं काम मिळालं. आणखी चौघांना बदली, यात्रा असं काहीबाही लावून दिलं. दोन भावांचा समेट करून त्यांना एकत्र प्रवासाला पाठवलं, आणि तेवढं करताना बरं वाटलं. तरी दोघं उरलेच. त्यांना मारावं लागलं. मुख्याध्यापकांना मारायला हात उचलेना, पण त्यांचं वयही झालं होतं.

सोमवारी अकराला बेल वाजली. दारात पन्नाशी उलटलेल्या एक बाई, खांद्याला कापडी पिशवी, पायांत सपाट चपला. मी सूटबूटवाला कुणी येईल असं धरून चाललो होतो. त्या म्हणाल्या, "मी सीटवाली. कारखान्यात एकतीस वर्षं सीटची कव्हरं शिवली. आता या पुस्तकाच्या कामाला लावलंय मला. पाणी देता का जरा? जिना उंच आहे तुमचा."

पाणी दिलं, चहा दिला. मग मी एकेका मालकाची हकीकत सुरू केली. बाई ऐकत होत्या. लिहून मात्र काहीच घेत नव्हत्या. मुख्याध्यापक वारल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"अरे अरे," त्या म्हणाल्या. "कधी?"

"गेल्या बुधवारी."

"पाठीचं दुखणं होतं ना त्यांना?"

"हो," मी म्हणालो, आणि खिशातला रुमाल काढला. सोंग नव्हतं ते.

बाई उठल्या. "चला, तुमची गाडी तरी बघू."

मला हायसं वाटलं. गाडीची मला कसली भीती? स्वच्छ धुतलेली, पुसलेली, एक ओरखडा नाही. खाली गेल्यावर बाईंनी इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी मागचं दार उघडलं, वाकल्या आणि सीटवरून तळहात फिरवला. एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे.

"घरात कोण कोण असतं, सचिव साहेब?"

"असतात. येऊन जाऊन." पत्रकाच्या पहिल्याच अंकात मी स्वतःबद्दल 'सहकुटुंब प्रवास करतो' असं छापलेलं होतं.

"हे कापड मी ओळखते. याला लव असते बारीक. माणूस बसला की लव मोडते, आणि एकदा मोडली की पुन्हा उभी राहत नाही. चालवायच्या सीटची बघा, पार गुळगुळीत झालीय. शेजारच्या सीटवर मधे एवढीच मोडलीय, म्हणजे तिथे तुम्ही पिशवी ठेवता." त्यांनी मागच्या सीटवर बोट टेकवलं. "इथे सगळी उभी आहे. कारखान्यातून निघाली तशी."

"आमच्याकडची माणसं अलगद बसतात," मी म्हटलं.

"अलगद बसणाऱ्यालाही बूड असतंच की."

मग त्यांनी मागच्या सीटवर बांधायचा पट्टा ओढला. पट्टा कुरकुरत बाहेर आला आणि एक पातळ कागदी पट्टी टरकन फाटून त्यांच्या हातात आली. "ही आम्ही गुंडाळायचो. पट्टा पहिल्यांदा ओढला की फाटते," त्या म्हणाल्या. "आत्ता फाटली."

बावीस वर्षांचं माझं घर बाईंच्या चिमटीत होतं. मी खिशातून किल्ली काढली, पुन्हा ठेवली. मग म्हणालो, "मंडळात दुसरं कुणी नाही. पत्रं सगळी मीच लिहिली."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे?"

"अहो, बेकरीवाली बाई डिकीचं माप मिलिमीटरमध्ये सांगते? मधवाला पण मिलिमीटर, मुख्याध्यापक पण मिलिमीटर. तिसऱ्या पत्रकालाच कळलं होतं कचेरीत. पण वाट बघायचे सगळे. त्या दोघा भावांचं पुढे काय झालं म्हणून मला कितीदा विचारलंय."

"मग उत्तरं का पाठवत होता?"

"तुम्ही लिहीत होता म्हणून." त्यांनी दार हलकेच लावलं. "पण आता पुस्तकात छापायचं म्हटल्यावर येऊन बघणं आलंच. अहवालात मला खरं लिहावं लागेल. मंडळ नाही म्हटल्यावर मंडळाच्या नावाने पत्रं येणार नाहीत पुढे. ते माझ्या हातात नाही."

मी मान हलवली. इतके दिवस ज्याला भीत होतो ते दोन वाक्यांत होऊन गेलं. बाई मात्र जाईनात. पिशवीतून त्यांनी एक छापील कागद काढला आणि गाडीच्या टपावर ठेवला.

"मला एका मालकाचं मत पाहिजे. खऱ्या. बारा जणांच्या गठ्ठ्यात तुमचं स्वतःचं एकही पत्र नाही. तुम्हाला कशी वाटते ही गाडी?"

"चांगली आहे."

"ते झालंच. एकट्या माणसाने पाच जणांची गाडी का घेतली?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. विचारणारं होतं कोण म्हणा. मी सांगायला लागलो आणि मग थांबता आलं नाही.

मला एक बहीण आहे, चार वर्षांनी मोठी. बावीस वर्षांपूर्वी तिचे यजमान अचानक गेले. भाचा बारा वर्षांचा, भाची नऊची. ताईपुढे दोन घरं होती, दिराचं नाहीतर माझं. दीर-जाऊ तेराव्याच्या आतच म्हणाले, चला आमच्याकडे. ती म्हणाली, महिनाभरात ठरवते. त्या महिन्यात मी ही गाडी घेतली. पोरांना शाळेत सोडायचं, सुट्टीत फिरवायचं, मधे ताई, दोन बाजूंना दोन पोरं, असं सगळं डोक्यात धरून मी तीन दुकानांत जाऊन मागच्या सीटला टेप लावून आलो होतो. आणि मग ताईला पत्र लिहिलं.

"काय लिहिलंत?" बाईंनी विचारलं.

"गाडी घेतली ते. सीटची रुंदी, पाय ठेवायला जागा किती, डिकीत किती ट्रंका मावतील. आकृती पण काढली होती, मापं घालून."

"आणि या म्हणून?"

"ते कळतंच ना. नाहीतर मी एकटा एवढी गाडी कशाला घेईन?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "मला नसतं कळलं," त्या म्हणाल्या. "काय उत्तर आलं?"

"गाडी छान आहे, जपून चालव. आणि दिराकडे जायचं ठरवलंय, असं."

"तुम्ही पुढे काही बोलला नाहीत?"

"तिनेच ठरवलं म्हटल्यावर काय बोलणार. मला राग आला होता."

तो राग मी बावीस वर्षं घासूनपुसून ठेवला होता. वर्षातून दोनदा फोन करायचा, तब्येत विचारायची, हवा कशी आहे ते विचारायचं, आणि ठेवायचा. भाचरं मोठी होऊन लांब गेली. माझ्या गाडीत ती कधी बसली नाहीत. मला वाटायचं, नाकारलं त्यांनी मला. बाईंना हे सांगताना पहिल्यांदा ते माझं मलाच ऐकू आलं, आणि लाज वाटली.

बाईंनी पेन दिलं. मत लिहायला कागदावर दोनच ओळी होत्या. मी लिहिलं, 'मागची सीट रुंद आणि आरामशीर आहे. तिच्यावर कुणी बसलं नाही, यात गाडीचा दोष नाही.' माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहिलं. ते जरा वेडंवाकडंच आलं. सवय राहिली नव्हती.

बाईंनी वाचलं, घडी घातली आणि पिशवीत ठेवलं. फाटकी कागदी पट्टी माझ्या हातावर ठेवली. "येते मी," एवढंच म्हणाल्या. कोपऱ्यापर्यंत सोडतो म्हटलं, तर म्हणाल्या बस लगेच आहे.

वर आलो. दोन कप विसळले. टेबलावर अकरा पेनं ओळीने होती, ती खणात टाकली. दुपारचे अडीच वाजले असतील. ही काही माझी फोनची वेळ नव्हती, तरी लावला.

"काय रे?" ताईचा आवाज घाबरलेला. "बरा आहेस ना? आज कसा काय?"

"बरा आहे. ताई, मी तुला एक पत्र लिहिलं होतं. गाडी घेतली तेव्हा."

"ते मापांचं?"

"हो. त्यात एक लिहायचं राहिलं होतं."

पलीकडे कुणीतरी खोकत होतं. दीर असतील. ताई त्यांना म्हणाली, "थांबा, आलेच," आणि मग मला, "काय राहिलं होतं?"

"ये."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आता कुठली येतेय मी," ती म्हणाली. आवाज शांत होता, रागावलेला नव्हता. "जाऊबाई गेल्यापासून यांचं सगळं माझ्याकडे आहे. भरवावं लागतं रे. एक दिवस हलता येत नाही."

"बरं," मी म्हणालो.

"तेव्हा पोरं ट्रंका भरून बसली होती," ताई म्हणाली. "धाकटी सारखी विचारायची, मामाकडे ना, मामाकडे ना. तुझं पत्र आलं आणि मी ते उलटं करून बघितलं. म्हटलं, पाठीमागे काही लिहिलं असेल. मग पाकीट उकलून आतून पण बघितलं."

"पाठ कोरी होती," मी म्हणालो.

"हो," ताई म्हणाली, "कोरी होती."